वाकणाखालचे शिंपले

आमच्या बर्मिंगहॅमच्या मंडळात पुण्या-नागपुराहून नव्याने आलेलं कोणी भेटलं की विचारतं, "काकू, रिटायर व्हायच्या आधी तुम्ही काय करायचात?"

"रस्त्यांचं काम," मी सांगते.

"म्हणजे सिव्हिल?"

"नाही, झूलॉजी."

मग समोरचा हातातल्या समोशाकडे बघतो आणि विषय बदलतो.

म्हणून एकदा नीट सांगते. नवा रस्ता करायचा ठरला की त्याच्या वाटेत कोण कोण राहतं ते आधी शोधावं लागतं. बॅजर, पाणमांजरं, वटवाघळं, पालीसारखे दिसणारे पण पाण्यात राहणारे न्यूट, आणि अर्थात माणसं. या सगळ्यांना कमीत कमी त्रास व्हावा म्हणून काय करायचं ते कागदावर लिहायचं. मग काँट्रॅक्टर खरोखर तसं करतो की नाही, हे चमकत्या पट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट घालून चिखलात उभं राहून बघायचं. साइटवरचे लोक मला तोंडावर 'न्यूट लेडी' म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते मी कधी विचारलं नाही.

या कामात मी सगळ्यात आधी शिकले ते संशय घ्यायला. चेशरमधल्या एका शेतकऱ्याने मला प्रेमाने चहा दिला, वर केक दिला आणि म्हणाला, "न्यूट? आमच्याकडे तर तळंच नाही." बाहेर पडताना पाहिलं, तर गोठ्यामागे तळ्याच्या आकाराचा नवाकोरा लॉन अंथरलेला. पाय ठेवला की दबत होता. दुसरीकडे बॅजरच्या बिळाच्या तोंडाशी मी काड्या रोवून ठेवल्या होत्या. काड्या पडल्या तर आत-बाहेर कोणीतरी जातंय, नाही पडल्या तर बीळ रिकामं, अशी ती साधी परीक्षा. आठवडाभर काड्या जशाच्या तशा. शेवटी कळलं, फोरमन रोज सकाळी माझ्या आधी येऊन त्या परत उभ्या करत होता.

अशी बरीच वर्षं काढली की माणूस घरी आलेल्या पाहुण्याच्या बुटांचा चिखलसुद्धा निरखायला लागतो. मला माझ्या या नजरेचा अभिमान होता. पुढची हकीकत त्या अभिमानाची आहे, आणि ती मला फारशी शोभा देणारी नाही.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर आमच्या फर्मला स्कॉटलंडच्या उत्तरेकडचं एक काम मिळालं. नदीकाठाने जाणारा जुना, अरुंद, वळणावळणाचा रस्ता सोडून डोंगर कापून सरळ रस्ता आणायचा, आणि नदीवर एक नवा पूल. मी सोमवारी विमानाने जायची, गुरुवारी संध्याकाळी परत. नदीचं नाव लिहीत नाही. ते लिहायचं नाही अशी आमच्याकडे पद्धत आहे, आणि त्याला कारण आहे.

त्या नदीत मोत्याचे शिंपले होते. काळे, हाताच्या पंजाएवढे, वाळूत अर्धे रुतून उभे राहणारे. शंभर वर्षंसुद्धा जगतात. त्यांना स्वच्छ पाणी लागतं. गाळ आला की गुदमरतात. आतल्या मोत्यांसाठी लोकांनी ते इतके काढले की काही वर्षांपूर्वी कायद्याने त्यांना हात लावायलाही बंदी आली. म्हणून ते कुठे आहेत याचे नकाशे गुप्त ठेवतात. माझ्याकडे तसा एक नकाशा होता. साइटवरच्या तात्पुरत्या ऑफिसच्या, पोर्टाकॅबिनच्या, कपाटात, कुलपात.

आणि त्याच नदीच्या वाकणावर, जुना रस्ता आणि पाणी यांच्यामधल्या हिरवळीवर, उन्हाळ्यात दोन कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, येऊन उभ्या राहायच्या. ते हाइलँड ट्रॅव्हलर. शेकडो वर्षं तिथलेच, तिथल्याच मातीतले, पण घर करून न राहणारे. पूर्वी कथलाची भांडी घडवायचे, घोडे विकायचे, शेतावर मजुरीला जायचे, आणि उन्हाळ्यात नदीत उतरून मोती काढायचे. काचेचा तळ असलेलं भांडं पाण्यावर धरायचं, त्यातून तळ बघायचा आणि टोकाला चीर पाडलेल्या काठीने शिंपला उचलायचा. बंदी आली आणि ते काम गेलं. गावातले लोक त्यांच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणायचे.

रस्त्यामुळे ज्यांच्यावर परिणाम होईल अशा सगळ्यांना भेटणं माझ्या कामात होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा एक सत्तरीची बाई कॅराव्हॅनच्या पायरीवर बसून बटाटे सोलत होती. ती ग्रेस. माझ्या हातातला क्लिपबोर्ड बघून तिने विचारलं, "काउन्सिल की पोलीस?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं.

"मग तिसरंच काहीतरी असणार. ते कधी बरं नसतं."

मी रस्त्याबद्दल सांगितलं. तुमची ही जागा आराखड्यात तशीच ठेवली आहे, पूल वरच्या अंगाला आहे, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्याकडे शिंपल्यांचा नकाशा असेल."

"त्याबद्दल मला बोलता येत नाही."

"या वाकणाच्या खाली काही दाखवलंय का?"

"सांगता येत नाही म्हटलं ना."

"म्हणजे दाखवलेलं नाही," ग्रेस म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

खरंच दाखवलेलं नव्हतं. आमच्या सर्व्हेवाल्यांना वाकणाखाली एकही शिंपला मिळाला नव्हता. पाणी खोल आणि काळं होतं. पण हिला कशाला हवं हे? आम्हाला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा अंदाज घेतेय का ही? परत जाताना मी वहीत लिहिलं: 'जास्त चौकशी करते.' ती मात्र माझ्याकडे बघून काय म्हणत असेल, याचा विचार माझ्या मनात आला नाही.

जूनपासून डोंगर कापायचं काम सुरू झालं. तिथली माती करडी, चिकट. पावसाचं पाणी ती घेऊन नदीत जाऊ नये म्हणून पायथ्याशी एक मोठं तळं खणलं होतं. गढूळ पाणी त्यात सोडायचं, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी ओढ्यात जाऊ द्यायचं. हे सगळं कॉलिन बघायचा, काँट्रॅक्टरचा पर्यावरण मॅनेजर. चाळिशीचा, हसरा, माझ्यासाठी पोर्टाकॅबिनमध्ये वेलदोड्याची पूड आणून ठेवणारा. दर मंगळवारी मी तळ्याची तपासणी करायची. पाणी नेहमी नितळ.

ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रेसचा मुलगा रॅब मला नदीत दिसला. मांडीपर्यंत पाण्यात, हातात काचेचा तळ असलेली बादली. माझ्याकडे बघितलं आणि काठावर चढून निघून गेला. मी वहीत वेळ लिहून ठेवली.

त्यानंतरच्या सोमवारी, दोन दिवसांच्या जोरदार पावसानंतर, वाकणाच्या आतल्या बाजूला वाळूवर उघडे शिंपले सापडले. चाळीसेक असतील. कॅराव्हॅनपासून पन्नास पावलांवर. मी गुडघ्यांवर बसले आणि मला खरोखर रडू आलं. यातले काही माझ्या आजीच्या वयाचे होते.

कॉलिन मागे येऊन उभा राहिला. "तुझ्या शेजाऱ्यांनी हात मारला वाटतं," तो हळूच म्हणाला. "मी काही बोलणार नाही. तू बघ."

मी बघितलं नाही. लिहिलं. त्याच दुपारी, फोटो जोडून, रॅबला पाण्यात पाहिल्याच्या वेळेसकट: 'बेकायदा मोतीशोधाची दाट शक्यता. नदीकाठची वाहनांची वाट बंद करण्याची शिफारस.' खाली सही. त्यातले पाच-सहा शिंपले नमुना म्हणून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवले.

कागद हलायला इतका कमी वेळ लागलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. बुधवारी पोलीस आले. दोन्ही कॅराव्हॅनमधलं सगळं सामान गवतावर काढलं, गाद्यासुद्धा. रॅबला चौकशीला नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं, कारण काहीच सापडलं नव्हतं. पण काउन्सिलची नोटीस लागलीच होती. पुढच्या आठवड्यात वाट बंद करायला मोठाले धोंडे येणार होते. तेही आमच्याच कापलेल्या डोंगरातले, आमच्याच लॉरीतून.

कॅराव्हॅन निघायच्या आदल्या दिवशी ग्रेस पोर्टाकॅबिनमध्ये आली. मी एकटीच होते. तिला यायला त्रास झालेला दिसत होता. चिखलातून चालत आली होती. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"त्यातला एक शिंपला दाखव."

मी कचरले. पुरावा हिच्या हातात कसा द्यायचा? तरी दिला. तिने तो खिडकीपाशी नेला, कडेवरून अंगठा फिरवला.

"शिंपला जिवंतपणी उघडायचा तर चिमटा घालावा लागतो. कडेला टवका उडतो. कुठे आहे टवका?"

नव्हता.

"आणखी दाखव."

मी पिशवी टेबलावर रिकामी केली. तिने सगळ्यात लहान शिंपला उचलला, माझ्या अंगठ्याएवढा. "यात मोती असतो?"

"नाही," मी म्हटलं. "एवढ्या लहानात नसतो."

"माझा बाप म्हातारा, वाकडा, पीळ पडलेला शिंपलाच उचलायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. उचललेला परत त्याच जागी रोवायचा. हे पोर आहे. पोरं कोण मारतं, बाई? चोरसुद्धा मारत नाही."

मी झूलॉजीची एमएस्सी. लहान शिंपल्यांत मोती नसतो हे मला पाठ होतं. त्या वाळूवर लहान शिंपले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, फोटोही मीच काढले होते.

"मग रॅब पाण्यात काय करत होता?" मी विचारलं. त्या क्षणीसुद्धा मी हेच विचारलं.

"बघत होता. जुलैपासून दर शनिवारी पाणी दुधासारखं येतंय. वाकणाखाली जुनं बेट आहे शिंपल्यांचं, दाटीने वाढलेलं, आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेलं. ते मरतंय का, हे बघायला मीच त्याला उतरवलं. मरत होतं. मी म्हटलं, जा, त्या बाईला सांग. तो म्हणाला, सांगितलं तर पहिला संशय आपल्यावरच." तिने हातातला शिंपला टेबलावर ठेवला. "तेव्हा मी त्याला रागावले. ती बाई रंगाने उठून दिसते इथे, तिच्याकडेही लोक आपल्याकडे बघतात तसंच बघत असतील, ती असं करणार नाही, म्हटलं."

ती गेल्यावर मी शिंपले परत पिशवीत भरले.

माझे वडील नगर जिल्ह्यात वनखात्यात गार्ड होते. माळावर काळवीट मेलेलं सापडलं की अण्णा आधी पारध्यांच्या पालांकडे जायचे, पुरावा मागाहून. कॉलेजात असताना मी त्यावरून त्यांच्याशी कडाक्याचं भांडले होते. "तुम्ही आधी माणूस ठरवता आणि मग गुन्हा शोधता," असं मी म्हणाले होते आणि दोन दिवस जेवले नव्हते. अण्णा शांतपणे म्हणाले होते, "नोकरी लागली की कळेल." मला वाटलं होतं, त्यांना नोकरीतल्या अडचणी म्हणायच्या आहेत.

शनिवारीच का? हा प्रश्न घेऊन मी कामाला लागले. नमुन्यातला एक शिंपला पुरता उघडून आतलं मांस चिरलं. आत करडा, चिकट गाळ भरलेला. नदीकाठची माती तांबूस आहे. करडा गाळ फक्त आमच्या डोंगराचा.

त्या गुरुवारी मी नेहमीसारखी सगळ्यांचा निरोप घेतला. विमानतळाकडे न जाता पुढच्या गावात खोली घेतली. श्रीधरला, माझ्या नवऱ्याला, फोन करून सांगितलं की येत नाही. तो म्हणाला, "कोणावर संशय आहे?" मी म्हटलं, "आता माझ्यापासून सुरुवात केली आहे."

शुक्रवारी दुपारी मी तळ्याच्या वरच्या झाडीत जाऊन बसले. आकाश भरून आलं होतं. चारच्या सुमाराला दोन माणसं आली, तळ्यात पंप टाकला, जाड होज ओढत ओढ्यापर्यंत नेला आणि चालू केला. करडं पाणी धो-धो ओढ्यात, तिथून नदीत. अर्ध्या तासात कॉलिन स्वतः येऊन बघून गेला. मी फोटो काढले, बाटल्या भरल्या. मंगळवारी मला नितळ पाणी का दिसायचं ते कळलं. सोमवारपर्यंत सगळं धुऊन गेलेलं असायचं.

सोमवारी मी बाटल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. तो चिडला नाही. थकलेला दिसला.

"तळं लहान पडतंय," तो म्हणाला. "मी मार्चमध्येच सांगितलं होतं, दुसरं हवं. कोणी ऐकलं नाही. वीकेंडच्या पावसात ते फुटलं असतं तर सगळाच गाळ एकदम गेला असता. मी थोडा थोडा सोडत होतो."

"आणि शिंपले मेल्यावर तू मला म्हणालास, शेजाऱ्यांनी हात मारला."

"मी म्हणालो, 'वाटतं'. लिहिलंस तू." त्याने माझ्याच रिपोर्टची प्रत पुढे सरकवली. "आता हेच आमच्या फाइलमध्ये आहे. शिंपले कशाने मेले, तर मोतीचोरांनी. सही तुझी."

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. माझा पहिला निष्कर्ष चुकीचा होता, पुराव्याविना होता, असं पहिल्याच ओळीत. बर्मिंगहॅमहून आमच्या डायरेक्टरचा फोन आला. तो म्हणाला, "वसुधा, दोन्ही रिपोर्टवर तुझीच सही आहे. उद्या कोर्टात विचारतील, यातली कुठली बाई खरी? पुन्हा तुला कोण काम देईल?" मी म्हटलं, "पाठवून झालाय." खोटं होतं ते. फोन ठेवल्यावर पाठवला, त्याने पुन्हा फोन करायच्या आत आणि माझं मन वळायच्याही आत. एक प्रत सरकारी वन्यजीव खात्याला, एक काउन्सिलला, एक पोलिसांना.

डोंगराचं काम कित्येक आठवडे बंद पडलं. दुसरं तळं खणलं गेलं, पहिल्यापेक्षा मोठं. काँट्रॅक्टरवर खटला झाला, त्यांनी चूक कबूल केली. कॉलिनची नोकरी गेली. ज्यांनी मार्चमध्ये त्याचं ऐकलं नव्हतं त्यांची राहिली. पाणबुडे उतरवल्यावर वाकणाखालच्या बेटातले काही शिंपले जिवंत सापडले. माझ्या फर्ममध्ये हे यश म्हणून दाखवतात, प्रेझेंटेशनमध्ये त्याची स्लाइड आहे.

वाटेवर आणून टाकलेले धोंडे मात्र हलले नाहीत. मी काउन्सिलला पाच पत्रं लिहिली. पोलिसांनी रॅबविरुद्ध काही नाही असं लेखी दिलं, तेही जोडलं. उत्तर यायचं की आपला खुलासा नोंदवला आहे. परंतु वाट बंद करण्याचा निर्णय आता नदीसंवर्धनाचा भाग झाला आहे. म्हणजे माझी चूक दुरुस्त झाली आणि माझी शिफारस तशीच राहिली. चुकीचं कारण काढून टाकलं की लोक त्या जागी बरोबर कारण ठेवतात, पण निकाल बदलत नाहीत. हे मला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

रस्ता सुरू झाला त्या उन्हाळ्यात मी ग्रेसला शोधत गेले. ते लोक आता शहराच्या कडेला, काउन्सिलने दिलेल्या एका खालच्या मजल्यावरच्या घरात होते. रॅबने दार उघडलं आणि बाजूला झाला. ग्रेस खिडकीशी बसली होती. खूप बारीक झाली होती.

"मी माफी मागायला आले," मी म्हटलं.

तिची नजर माझ्या बॅगेवर गेली. "आणि त्या बॅगेत काय आहे?"

बॅगेत नदीच्या वरच्या भागाचा कोरा नकाशा होता. पुढच्या वर्षीच्या पाहणीचं काम आमच्याकडे आलं होतं. ग्रेसच्या वडिलांना माहीत असलेली आणखी बेटं असणार, ती विचारावीत, शिंपल्यांच्या भल्यासाठीच, असं माझ्या मनात होतं. मी ते कबूल केलं. तिच्याशी आणखी एक खोटं बोलायची माझी ताकद नव्हती.

"दोन्ही कामं एका फेरीत," ग्रेस म्हणाली. "रॅब, चहा ठेव. बाई, यातलं एक निवड."

"माफी," मी म्हटलं.

"बरं. ऐकली."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. आम्ही चहा प्यायलो. तिने मला मुलंबाळं विचारली, आईवडील विचारले. मी अण्णांबद्दल सांगितलं, पालांबद्दलही सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "त्या लोकांपैकी कोणाकडे गेलीस का कधी, चहा प्यायला?" मी नाही म्हटलं. नकाशाचा विषय पुन्हा निघाला नाही, मीही काढला नाही. पुढच्या पाहणीत आमच्या माणसांना ती बेटं सापडली नाहीत. ती आहेत की नाहीत हे मला माहीत नाही, आणि ग्रेस आता नाही.

रॅब मला गाडीपर्यंत सोडायला आला. गाडीचं कुलूप काढताना मी विचारलं, "नव्या रस्त्याने जाता का कधी?"

"जातो ना. चांगला झालाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "पूर्वी आईला घेऊन पलीकडे मावशीकडे जायला आम्हाला आठ-दहा दिवस लागायचे. आता तासाभरात पोचतो."

"आठ-दहा दिवस?"

"वाटेत थांबायचो," रॅब म्हणाला, आणि माझ्या गाडीचं दार लावून घेतलं.